वाढदिवसाला भेट मिळालेली जिलबी आता कुणाची?

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते. आम्ही दोघे चार वर्षे लग्न न करता एकत्र राहत होतो. दुसऱ्या वर्षी माझ्या वाढदिवसाला त्याने लॅब्रॅडॉरचे मादी पिल्लू आणून दिले. त्याचे २२,००० रुपये त्याच्या खात्यातून गेले. जिलबी हे नाव मी ठेवले. महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाची वही माझ्या नावावर आहे, दवाखान्याची बहुतेक बिले मीच भरली आहेत. सात महिन्यांपूर्वी आम्ही वेगळे झालो आणि जिलबी माझ्याकडेच राहिली. दोन महिन्यांपूर्वी तो शनिवार-रविवारसाठी तिला नाशिकला घेऊन गेला. आता तो म्हणतो, "पैसे माझे, म्हणून जिलबी माझी, हवे तर अर्धे पैसे घे." तिच्यापासून पिल्ले घेण्याचाही त्याचा विचार आहे. पोलिसांत तक्रार करावी का? त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, तर मी जाऊन तिला घेऊन यावे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमचे नुकसान होण्याचा धोका सर्वाधिक आहे. किल्ली असली तरी त्याच्या संमतीशिवाय त्या घरात जाऊ नका. आज कागद आणि घटनाक्रम तुमच्या बाजूने आहेत. तुम्ही घरात शिरून जिलबीला उचलून आणले, तर गृहअतिक्रमणाची तक्रार तुमच्याविरुद्ध होऊ शकते आणि चर्चा जिलबीवरून तुमच्या वागण्याकडे वळेल. ती किल्ली पोच घेऊन परत करा.

आता मूळ मुद्दा. आपल्या कायद्याच्या दृष्टीने पाळीव कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे. हे वाचताना तुम्हाला वाईट वाटेल, मलाही लिहिताना वाटते, पण दावा उभा करायचा तर इथूनच सुरुवात करावी लागते. १८९० चा पालक व पाल्य कायदा माणसांच्या अल्पवयीन मुलांसाठी आहे. मुलांच्या बाबतीत न्यायालय ज्या अर्थाने ताबा किंवा भेटीचे वार ठरवून देते, त्या अर्थाने कुत्र्यासाठी तशी तरतूद नाही. कौटुंबिक न्यायालयही मालमत्तेचे वाद ऐकते ते विवाहातील पक्षांमधलेच, त्यामुळे तुमचा वाद तिथे जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नागराजा प्रकरणात प्राण्यांना भूक, भीती आणि वेदनेपासून मुक्ती मिळाली पाहिजे असे ठामपणे सांगितले होते. परंतु २०२३ मध्ये जल्लीकट्टू आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींबाबतच्या निकालात घटनापीठाने प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे म्हणण्यास नकार दिला. स्पेनमध्ये २०२२ पासून जोडपे विभक्त होताना न्यायाधीशाला प्राण्याचे हितही पाहावे लागते. आपल्याकडेही तसे व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे, पण तुमचा दावा आजच्या कायद्यावरच चालणार आहे, आणि सुदैवाने तो कायदा तुमच्यासाठी प्रतिकूल नाही.

"पैसे कोणी दिले" हा प्रश्न तुमच्या मित्राला निर्णायक वाटतो, तिथेच त्याची चूक होते आहे. पैसे देऊन पिल्लाचा मालक तो झाला असेल; परंतु त्यानंतर त्याने ते तुम्हाला वाढदिवसाची भेट म्हणून दिले. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२२ आणि १२३ प्रमाणे जंगम वस्तूचे बक्षीस, म्हणजेच भेट, पूर्ण होण्यासाठी नोंदणीकृत दस्त आवश्यक नसतो. देणाऱ्याने वस्तू सुपूर्द करणे आणि घेणाऱ्याने ती स्वीकारणे पुरेसे असते. एकदा पूर्ण झालेले बक्षीस, नाते संपले म्हणून, देणाऱ्याला मनाला येईल तेव्हा परत घेता येत नाही. कलम १२६ त्याला फार मर्यादित कारणांपुरतीच मुभा देते. म्हणून न्यायालयासमोर सिद्ध करण्याची मुख्य गोष्ट म्हणजे ती भेट होती. त्या दिवशीची छायाचित्रे, "तुझ्यासाठी आणलीय" अशा आशयाचा एखादा संदेश, हजर असलेल्या मैत्रिणीची साक्ष, आणि परवाना तुमच्या नावावर काढताना त्याने हरकत न घेणे, हे सगळे एकत्र वाचले जाईल. नुसता परवाना मालकीचा अंतिम पुरावा ठरत नाही, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून राहू नका. तो मात्र असे म्हणू शकतो की पिल्लू दोघांसाठी होते. घर एकच असल्यामुळे हा बचाव अगदीच पोकळ नाही, आणि त्याची तयारी आतापासून ठेवा. त्याला उत्तर म्हणून वेगळे झाल्यानंतरचे पाच महिने तुमच्या उपयोगी पडतील, कारण त्या काळात जिलबी तुमच्याकडेच होती आणि त्याने तिच्यावर हक्क सांगितलेला दिसत नाही.

दुसरी भक्कम बाजू म्हणजे तो शनिवार. ठरावीक हेतूसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करणे याला १८७२ च्या करार कायद्यात निक्षेप म्हटले आहे, आणि कलम १६० प्रमाणे मुदत संपताच, मागणीची वाट न पाहता, ती वस्तू परत करावी लागते. "रविवारी रात्री आणून सोडतो" असा त्याचा संदेश तुमच्या फोनमध्ये असेल, तर तुमच्या फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद तोच आहे. पिल्लांच्या बाबतीत याच कायद्याचे कलम १६३ पाहा : एकाने दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली आणि तिला वासरू झाले, तर गाईबरोबर वासरूही परत द्यावे लागते, असे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. जिलबीला पिल्ले झाली तर हेच तत्त्व लागू पडते. शिवाय विक्रीसाठी पैदास करायची तर श्वानपैदास व विपणनाच्या २०१७ च्या नियमांखाली राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ही गोष्ट त्याच्या कानावर नोटिशीतून घालावी.

मार्ग दिवाणी दाव्याचा आहे. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ८ प्रमाणे, जी वस्तू गमावल्याची भरपाई पैशांत होऊ शकत नाही, ती वस्तू प्रत्यक्ष परत देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते, आणि विरुद्ध सिद्ध होईपर्यंत पैसा पुरेसा नाही असेच न्यायालय गृहीत धरते. "अर्धे पैसे घे" या प्रस्तावाला कायद्याचे उत्तर हे आहे. ज्या प्राण्याला तुम्ही पिल्लू असल्यापासून वाढवले, त्याची किंमत २२,००० रुपये किंवा त्याचे अर्धे नसते, हे कायद्याला कळते, आणि मालमत्तेच्या या कोरड्या भाषेत मला सर्वाधिक जवळचे वाटते ते हेच कलम. दाव्यासोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तूर्तातूर्त मनाई हुकूम मागावा : निकाल लागेपर्यंत जिलबीला विकू नये, कोणाला देऊ नये, तिचे प्रजनन करू नये. भेट आणि सुपूर्दगी पुण्यात झालेली असल्याने दावा पुण्यात दाखल करता येईल.

पोलिसांकडे जाण्याबद्दल मी सावध राहायला सांगेन. जिलबी तुमच्या संमतीने नेली गेली, त्यामुळे चोरीपेक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मधील विश्वासघाताचा आरोप अधिक जवळचा ठरेल; पण अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागेल, आणि आपण मालक आहोत असे कोणी खरोखर समजत असेल तर तो हेतू सहज सिद्ध होत नाही. पोलीस बहुधा हा दिवाणी वाद आहे असेच म्हणतील. लेखी तक्रार देऊन पोच घ्यायला हरकत नाही, एवढेच. सारी शक्ती तिथे घालवू नका. तिचे हाल होत असल्याचे दिसले, तर मात्र प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा, १९६० खाली लगेच तक्रार करा.

तुमच्या सहजीवनात हिंसा, धमक्या किंवा आर्थिक कोंडी झाली असेल, तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ विवाहसदृश नात्यालाही लागू होतो, आणि कलम १९(८) खाली दंडाधिकारी तुमची मालमत्ता परत देण्याचा आदेश करू शकतात. मुंबईत वांद्रे येथील दंडाधिकारी न्यायालयाने २०२३ मध्ये पोटगी ठरवताना पत्नीच्या तीन रॉटवायलर कुत्र्यांचा खर्च विचारात घेतला होता. तो आदेश इतर न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण दृष्टिकोन म्हणून दाखवता येतो. तुमच्या पत्रात हिंसेचा उल्लेख नाही. ती झाली नसेल तर केवळ जिलबीसाठी हा मार्ग धरू नका.

या आठवड्यात दोन गोष्टी करा. फोनमधले संवाद जसेच्या तसे जपा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ फोन तुमच्याकडे असणे आवश्यक ठरते. मग वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : पंधरा दिवसांत जिलबी परत करावी, तोवर तिला हलवू नये आणि तिचे प्रजनन करू नये. दावा दाखल करण्याची मुदत कायद्याने तीन वर्षांची आहे, पण थांबू नका. त्याच्याकडे गेलेला प्रत्येक महिना उद्या "आता ती माझ्याकडेच रुळली आहे" असे म्हणायला त्याला आधार देईल.

नोटिशीनंतर तो बोलायला तयार झाला तर नकार देऊ नका. शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्यापूर्वीही अर्ज करता येतो, आणि लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. न्यायालय जे वार ठरवून देऊ शकत नाही, ते तिथे तुम्ही दोघे संमतीने ठरवू शकता. जिलबी तुमच्याकडे राहील, महिन्यातून एखाद्या रविवारी तो तिला पुण्यातच भेटेल, नसबंदी आणि शस्त्रक्रियेचा निर्णय कोण घेईल, आजारपणाचा खर्च कोण करेल, यातले प्रत्येक वाक्य स्पष्ट लिहून घ्या. त्याला तिच्याविषयी खरोखर माया असेल तर तो यावर सही करेल. नोटिशीचे उत्तर आले की, किंवा पंधरा दिवस उलटूनही ते आले नाही तर, सर्व कागद घेऊन तुमच्या वकिलांना भेटा आणि दावा व मनाईचा अर्ज एकाच दिवशी दाखल करा.