वाचकांचे प्रश्न : हाताला कळते ते बाजाराला लागू पडते का?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझा टॉवेलांचा लहान कारखाना आहे. वडिलांच्या वेळी चार माग होते, आज सोळा आहेत. टॉवेल हातात घेतला की त्याचे वजन आणि सुताचा काउंट, म्हणजे सूत किती बारीक आहे त्याचा आकडा, मी न मोजता सांगतो आणि सहसा चुकत नाही. गेल्या वर्षी सुताचा भाव चढणारच, या खात्रीने मी सहा महिन्यांचा साठा उधारीवर भरला; भाव उतरला आणि व्याज अंगावर आले. माल देण्याच्या तारखाही माझ्याकडून पाळल्या जात नाहीत. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हाला स्वतःवर जरा जास्तच भरवसा आहे." पण तो नसता, तर चाराचे सोळा माग झाले असते का?

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण अडचण तिथेच आहे. आपले सोळा माग डोळ्यांसमोर आहेत. परंतु तेवढ्याच भरवशाने कर्ज काढून माग वाढवणारे आणि पुढे ते भंगाराच्या भावात विकावे लागलेले कारखानदारही आपल्या ओळखीत असतीलच. त्यांना कोणी यशाचे रहस्य विचारत नाही, म्हणून आत्मविश्वासाच्या खात्यावर केवळ जमेची बाजू दिसते.

आपल्या हाताच्या अंदाजाविषयी मला शंका नाही. तीस-चाळीस वर्षे टॉवेल हाती घ्यायचा, मनात वजन धरायचे आणि लगेच काट्यावर ताडून पाहायचे, असे हजारो वेळा घडले की हात शिकतो. सुताच्या भावाचे तसे नाही. कापसाचे पीक, निर्यातीची मागणी, सरकारी धोरण अशा अनेक गोष्टींवर तो हलतो; अंदाजाचा निकाल महिन्यांनी लागतो आणि तोवर आपण नेमके काय म्हटले होते हेही धूसर झालेले असते. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेविषयी परस्परविरोधी मते बाळगून होते. त्यांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या लेखात मान्य केले, की जिथे परिस्थितीत काही नियमितपणा असतो आणि चूक-बरोबर कळून शिकण्याची पुरेशी संधी मिळते, तिथेच अशी प्रेरणा विश्वासार्ह ठरते. माणसाला मनातून वाटणारी खात्री हा तिच्या खरेपणाचा पुरावा नव्हे. आपल्या बाबतीत मागाजवळ कमावलेली खात्री सुताच्या पेढीवर खर्च झाली, एवढेच.

तारखांचा आजार निराळा आहे आणि तो जवळपास सर्वांनाच असतो. हा स्तंभलेखकही संपादकांना दिलेल्या तारखेला अपवाद नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध केव्हा पूर्ण होईल असे विचारले, तेव्हा त्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवस सांगितले. सगळेच बिनसले तर किती, या प्रश्नाला सुमारे ४९ दिवस हे उत्तर आले. प्रत्यक्षात ५५ दिवसांहून थोडे अधिक लागले. कारण अंदाज बांधताना आपण हातातल्या कामाचा सरळ आराखडा मांडतो, मागील कामांचा इतिहास उघडत नाही. रंगाईवाल्याकडे माल अडकणे, वीज जाणे, गड्ड्याच्या यात्रेत कामगार न येणे, या प्रत्येक गोष्टीला आपण त्या वेळेपुरती अडचण म्हणतो. खरे तर यांपैकी काही ना काही दर वेळी घडतेच. तेव्हा गिऱ्हाइकाला तारीख सांगण्यापूर्वी मागील दहा ऑर्डरींना प्रत्यक्ष किती दिवस लागले ते वहीत पाहावे आणि या वेळी कितीही लवकर होईलसे वाटले, तरी त्या आकड्याखाली येऊ नये.

सुताच्या खरेदीसाठी वेगळी वही ठेवा. तारीख, अंदाज, त्याचे कारण आणि दहापैकी किती खात्री, एवढे खरेदीच्या आधी लिहावे. शिवाय मुलाला समोर बसवून सांगावे, की सहा महिन्यांनी हा व्यवहार बुडाला आहे असे धर आणि तो का बुडाला ते मला सांग. "बुडेल का?" असे विचारले तर वडिलांपुढे मुलगा संकोचेल, बुडालाच आहे असे धरल्यावर कारणे शोधणे हे त्याला सोपवलेले काम होते. ही रीत क्लाइन यांचीच आहे.

प्रश्न : माझी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. पुस्तक तीन-तीनदा वाचून "आई, सगळे येते" म्हणते, पण सराव परीक्षेत गुण पडत नाहीत. ती खोटे बोलते का? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : नाही, तिला खरोखरच येते असे वाटते. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा लागतो आणि ती ओळख आठवणीसारखी भासते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात एक उतारा केवळ पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना तो पुढेही चांगला आठवेल अशी जास्त खात्री होती. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर एकदा वाचून मग तीन वेळा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. म्हणून तिला रागावू नका. रात्री जेवण झाल्यावर पुस्तक मिटून स्वतःकडे घ्या आणि दिवसभरात वाचलेले एक प्रकरण आपल्याला समजावून सांगायला लावा. ती जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि दुसऱ्या दिवशीचा अभ्यास त्या खुणांपासून सुरू करू द्या.