परातीच्या आत मोकळीक

सोलापूर

प्रिय ताई,

वयाने तू लहान आहेस, पण पाळणाघराचा उंबरा ओलांडलास की तिथे तू सगळ्यांची ताईच, म्हणून हाच मायना.

रंग, माती, पीठ काढलं की दहा मिनिटांत खोलीचा उकिरडा होतो आणि मग दिवसभर 'नको, नको' करत फिरावं लागतं, तेव्हा नियम कोणते लावू, असं तू विचारलंस. तोंडाने सांगायचे नियम तीनच ठेव. बाकीचे नियम साहित्य मांडतानाच लागून गेले पाहिजेत: किती पीठ, किती पाणी, किती मुलं, कुठली जागा. अर्धा किलो मैदा आणि भरलेली बादली समोर ठेवून 'सांडू नका' म्हणण्यात काही अर्थ नाही. मूल सांडणारच, आणि त्याच्या वयाला ते शोभतंही.

आधी जागा. एकेका मुलाला एकेक परात दे, स्टीलची, काठ दोन बोटं उंच असलेली. ताट चालत नाही, त्यातून सगळं ओघळतं. एका वेळी चारच मुलं आणि त्यांच्याजवळ एक मोठं माणूस, जे फोन घ्यायला उठणार नाही. बाकीची मुलं दुसऱ्या ताईकडे ठोकळ्यांना किंवा गोष्टीला. जुन्या घरातली शहाबादी फरशी असेल तर ओल्या साबणाने ती फार निसरडी होते. वर ताडपत्री अंथरलीस तर आणखी वाईट, मूल ताडपत्रीसकट सरकतं. त्यापेक्षा गोणपाट बरं. पाणी शोषतं, सरकत नाही, वाळवून झटकलं की झालं. जुनी चादर अंथरायचा मोह आपल्या गावात कुणालाही होईल, पण एक सोलापुरी चादर धुवायला किती बादल्या लागतात ते तुला ठाऊक आहे.

पाण्यावरूनच पुढचं ठरतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा ओल्या खेळाचा वार कॅलेंडरवर ठरवू नकोस, नळावर ठरव. पाणी येईल त्या दिवशी माती आणि रंग. मधल्या दिवसांत चिंध्या, कागद, कोरडं काम. चार मुलांच्या हातांना अर्धी बादली पुरते, पण क्रम सांभाळलास तर. पीठ किंवा माती लागलेले हात आधी कोरड्या फडक्याने पुसायचे, किंवा चिमूटभर कोरडं पीठ लावून चोळायचे. मळलेलं पीठ पाणी लागलं की आणखी चिकटतं. मग हात एका पसरट भांड्यात बुचकळायचे. साबण आणि स्वच्छ पाणी शेवटी, तांब्याने. भांड्यातलं मातीचं पाणी झाडांना घाल. मिठाच्या पिठाचं पाणी मात्र झाडांना नाही. आणि पिठाचे गोळे मोरीत कधी सोडू नकोस, जाळीखाली साचून खळ होते आणि तुंबते. गोळे वाळवून कचऱ्यात टाक.

साठवणीचं पाणी हा यातला सगळ्यात गंभीर भाग आहे, तो खेळाइतकाच नीट वाच. पाणी रोज येत नाही म्हणून प्रत्येक पाळणाघरात पिंप, बादल्या, टाक्या भरलेल्या असतात. दीड-दोन वर्षांचं मूल बादलीत वाकलं की डोक्याच्या भाराने आत जातं आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. चार बोटं पाणीही पुरतं. पिंपावर घट्ट झाकण, त्यावर वजन. हात धुण्याची बादली काम झालं की त्याच क्षणी रिकामी आणि पालथी. 'पाण्याजवळ जाऊ नका' हा नियम मुलांना सांगायचाच नाही. तो तू पाळायचा आहे.

आता साहित्य. पिठाचं प्रमाण चार मुलांसाठी: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल, आणि पाणी पाऊण वाटीपासून सुरू करून लागेल तसं एक वाटीपर्यंत. पाणी एकदम ओतलंस की चिखल होतो आणि मग मैदा वाढवत बसावं लागतं. चांगलं दहा मिनिटं मळ. प्रत्येकाला दोन लिंबांएवढा गोळा दे, जास्त नाही. जास्त दिला की उरलेला फेकायला सुचतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या कोरड्या हवेत पिठाला दहा-पंधरा मिनिटांत भेगा पडतात, म्हणून ओल्या फडक्याखाली झाकलेला थोडा गोळा हाताशी ठेव. पावसाळ्यात उलट, मिठाला पाणी सुटून ते चिकट होतं; तेव्हा पाणी कमी घाल. ज्वारीचं पीठ घरात असतंच, पण गार पाण्यात ते वळत नाही, तुटतं. त्याची उकड काढावी लागते.

हे मिठाचं पीठ दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात नको. मोठा घास पोटात गेला तर लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. त्यांना बिनमिठाची मळलेली कणीक दे. तीही खायची नाहीच, कच्चं पीठ कच्चंच असतं, पण थोडी तोंडात गेली तर घाबरायला नको. गव्हाचं वावडं असलेलं मूल कोण, हे प्रवेशाच्या कागदावर आधी बघ. हाताला ओरखडा असेल तर मीठ झोंबतं. त्या दिवशी त्या मुलाला दुसरं काम.

रंगासाठी अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर दोन वाट्या पाण्यात गार असतानाच कालव, मग मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळ, पूर्ण गार कर आणि वेगवेगळ्या वाट्यांत काढून घे. गरम पाण्यात कोरडं पीठ टाकलंस की गुठळ्या. लाल रंगाला बीट, पिवळ्याला हळद. हळद घरी कुटलेली किंवा पाकीटबंद घे. सुट्या हळदीत पिवळेपणासाठी शिशाचा रंग मिसळलेला सापडतो. साबण लागला की हळद लालभडक होते. मुलांना ते फार आवडतं, पण संध्याकाळी न्यायला येणाऱ्या आजीला ते रक्त वाटू शकतं, तेव्हा दारातच सांगून टाक. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, आणि उन्हाची आपल्याकडे वाण नाही. रांगोळीचे रंग, होळीतला उरलेला रंग, कुंकू, चमकी हे चारही नकोत. रांगोळीची धूळ नाकात जाते, चमकी डोळ्यात.

चिकटवायला मैद्याची खळ उत्तम: एक चमचा मैदा, एक वाटी पाणी, शिजवून. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून रोज ताजी कर. कीड लागू नये म्हणून जुन्या पद्धतीने खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे. कुणी कितीही सांगो, तुझ्या खळीत नाही.

काळ्या मातीचं वेगळंच असतं. भिजली की बोटांत अडकून बसते, वाळली की तडकते. मुलाने केलेला बैल संध्याकाळपर्यंत दुभंगतो आणि रडारड होते. दोन भाग माती, एक भाग बारीक वाळू घाल, म्हणजे तडे कमी पडतात. माती आधी चाळून घे, काचा आणि खिळे निघतात. मांजर फिरतं त्या कोपऱ्यातली माती नको. पातळ पसरून आठवडाभर कडक उन्हात वाळव आणि झाकून ठेव.

विणकामाच्या गावात चिंध्या आणि सूत सहज मिळतं. सूत वीतभराहून लांब ठेवू नकोस, गळ्याभोवती जातं. छोट्या वस्तूंसाठी साधी चाचणी: अंगठा आणि तर्जनी जोडून केलेल्या गोलातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलापुढे ठेवायची नाही. चिंचोके, मणी, राजमा यात आलंच. नाकात गेलेला राजमा ओलाव्याने फुगतो आणि डॉक्टरांनाही काढताना त्रास होतो.

आता ते तीन नियम. एक, वस्तू परातीत. दोन, तोंडात नाही. तीन, दुसऱ्याच्या कामाला हात लावण्याआधी विचारायचं. तिन्ही रोज त्याच शब्दांत, त्याच क्रमाने, साहित्य देण्याच्या आधी, हाताच्या खुणांसकट. तुझ्या वर्गात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी हिंदी. खूण सगळ्यांना एकच कळते. 'घाण करू नका' हा नियम नव्हे, कारण काय करायचं हे त्यात कुठेच नाही.

नियम मोडला तर? पहिल्यांदा काही न बोलता मुलाचा हात पुन्हा परातीत आण. दुसऱ्यांदा साहित्य निम्मं कर. तिसऱ्यांदा 'आजचं परातीचं काम झालं, पुढच्या वेळी परत' म्हणून हात धुवायला ने. आवाज तोच ठेव, चेहराही. 'थांब, आईला सांगते' म्हणू नकोस. मग मूल नियमाला नाही, आईला घाबरतं, आणि आई नसते तेव्हा दोन्ही सुटतं. एकच मूल सतत फेकत असेल तर त्याला पिठाची नव्हे, फेकण्याची भूक आहे. अंगणात भिंतीवर खडूने गोल काढ आणि ओल्या फडक्याचे बोळे मारू दे. जो नियम तू दमलेली असताना पाळून घेऊ शकत नाहीस तो लावूच नकोस. सोमवारी चालतं आणि गुरुवारी ओरडा बसतो, असं झालं की मूल रोज चाचपून बघतं, आणि त्याचं बरोबर असतं.

हात भरवायला कचरणारंही एखादं असतं. त्याचा हात धरून रंगात बुडवू नकोस. चमचा दे, ब्रश दे, किंवा घट्ट बंद केलेल्या जाड पिशवीत रंग भरून वरून दाबू दे. काहींना महिना लागतो, काही कधीच येत नाहीत.

आवरणं हा खेळाचाच भाग धर आणि त्याला दहा मिनिटं राखून ठेव. 'पाच मिनिटं उरली' याचा तीन वर्षांच्या मुलाला अर्थ नसतो. 'अजून दोन पोळ्या लाटा, मग ठेवायचं' हे कळतं. एकूण खेळ वीस-पंचवीस मिनिटं, उन्हाळ्यात सकाळी अकराच्या आत. स्वतःची परात प्रत्येकाने स्वतः नेऊन ठेवायची. पुसायला टॉवेलचा तुकडा हाताएवढा दे, मोठ्या फडक्याने मूल नुसतं पसरवतं.

पालकांशी बोलणं प्रवेशाच्या दिवशीच. बाबांचा जुना टी-शर्ट मागव, उलटा घातला की ॲप्रन होतो. धान्याशी खेळणं काही घरांना पटत नाही. जिथे ज्वारी मोजून दळली जाते तिथे पिठाचे गोळे फेकलेले बघवत नाहीत. वाद घालू नकोस, त्यांच्यासाठी माती आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली की सगळ्यांना नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या त्या उंच सजवलेल्या काठ्या, करायचे असतात. करू दे, पण काठी लाकडाची नको. वर्तमानपत्राची गुंडाळी, मुलाच्या छातीइतकी उंच, टोकाला चिंधीचा गोंडा. आणि मिरवणूक अंगणात, परातींपासून लांब.

पहिल्या आठवड्यात रंग काढूच नकोस. नुसतं पीठ, चारच मुलं, दोनच दिवस. तिन्ही नियम मुलं तुझ्याआधी म्हणू लागली की माती आण. काय अडतंय ते पुढच्या पत्रात सविस्तर लिही, विशेषतः मोरीचं.

तुझी,
मावशी