इंदूरला पाऊस भरपूर, तरी एप्रिलात बोरिंग का आटतं?

तुमचा प्रश्न असा: नर्मदेचा नळ एक दिवसाआड, पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी आणि उन्हाळ्यात बोरिंगमधून नुसती हवा. मग बोरिंग आणखी खोल करावं का?

माझं उत्तर: नको. आधी गच्चीचं पाणी जमिनीत सोडा.

इंदूरला वर्षाला सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा कमतरता पावसाची नाही. माळव्याचं पठार काळ्या बेसाल्टचं, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाचं आहे. या खडकात पाणी फक्त वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन लाव्हाथरांमधल्या पट्ट्यात राहतं. ही जागा थोडी. खाली सलग पाषाण लागला की सहाशे फूट जाऊनही कोरडंच, आणि भेग लागलीच तर ती बहुधा शेजाऱ्याच्या बोरिंगलाही पाणी देत असते. वर काळी माती. ती भिजली की फुगते, पाणी मुरणं जवळजवळ थांबतं आणि पाऊस नाल्यात जातो. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर, घाट चढवून येतं. तिकडे वीज गेली की इकडे नळ कोरडे.

जगभरातही बऱ्याच ठिकाणी असंच आहे. चेन्नई २०१५ मध्ये पुरात बुडालं आणि २०१९ मध्ये टँकरवर आलं. केपटाऊनमध्ये मात्र खरंच सलग तीन वर्षं पाऊस कमी झाला. २०१८ मध्ये माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घालावी लागली. जगात उपसलेल्या गोड्या पाण्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं, आणि जमिनीखालचं पाणी सर्वांत जास्त आपला देश उपसतो. आपल्या आसपासचा गहूही बराचसा बोरिंगवरच पिकतो.

आता हिशेब. गच्ची १०० चौरस मीटर (साधारण १,०७५ चौरस फूट) धरली आणि पावसाचं ८० टक्के पाणी हाती लागलं, तर वर्षाला ७६,००० लिटर. पाच माणसांना रोज माणशी १३५ लिटर धरले तर ११२ दिवसांचं पाणी.

गच्चीवरून ११० मिलिमीटरचा पाइप खाली आणा. त्याला टी (तीन तोंडांचा जोड) बसवून एक तोंड नालीकडे ठेवा: मोसमाचा पहिला पाऊस सगळा आणि नंतर दर मोठ्या खंडानंतरचे पहिले २०० लिटर तिकडे सोडायचे, कारण धूळ आणि कबुतरांची विष्ठा त्यातच येते. पुढे मीटरभर लांब, रुंद, खोल पक्की गाळणी. तळाला ४० मिलिमीटरची गिट्टी, मग २० मिलिमीटरची, वर जाडी रेती, प्रत्येक थरात नायलॉनची जाळी. रेती बारीक घेतली तर एकाच पावसात गच्च होते. वरून ओव्हरफ्लो हवाच. तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर या गच्चीवरून तासात ५,००० लिटर येतात. पक्क्या गाळणीऐवजी २०० लिटरचा ड्रम लावला तर त्याला ते झेपत नाहीत आणि पाणी गच्चीवर तुंबतं.

गाळलेलं पाणी चालू बोरिंगमध्ये थेट सोडण्यापेक्षा शेजारच्या शोषखड्ड्यात सोडलेलं मला जास्त सुरक्षित वाटतं. मुरूम ते आणखी गाळतो. खड्डा काळ्या मातीत संपवू नका, मुरूम लागेपर्यंत न्या, नाहीतर तो नुसता हौद होतो आणि डास होतात. सेप्टिक टँकपासून १५ मीटर दूर. अंगणाचं, गाडी धुतल्याचं, न्हाणीचं पाणी यात कधीही नाही. खडकातली भेग काही गाळत नाही, घाण थेट सगळ्या गल्लीच्या बोरिंगमध्ये पोहोचते.

जुनं कोरडं बोरिंग वापरायचं असेल तर आधी ५,००० लिटरचा टँकर ओतून पाहा. दोन तासांतही पातळी उतरली नाही तर भेगा पाणी घेत नाहीत, तिथे पैसे घालू नका.

आणि हे पाणी तुमच्याच बोरिंगला मिळेल असं धरू नका; ते भेगेच्या वाटेने जातं. म्हणून गल्लीतल्यांना बरोबर घ्या. अशा वीस गच्च्या म्हणजे पंधरा लाख लिटर. जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्ची झाडून, रेतीचा वरचा दोन इंच काळा थर काढून नवी रेती घाला. हे दरवर्षी करायचं.