रणगाडे असताना वाळवंटात पायदळ कशाला नेतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आखाती युद्धाचे व्हिडिओ पाहिले, रणगाडे दोन-दोन किलोमीटरवरून मारतात, सगळं मैदान मोकळं. मग पायदळाला उन्हात भाजायला सोबत कशाला न्यायचं?

मी कोरेगाव तालुक्यातला. सतरा वर्षं मेकनाइज्ड इन्फंट्रीत काढली, म्हणजे बीएमपी या चिलखती गाडीच्या पोटात बसून जाणारं आणि वेळ आली की उतरून लढणारं पायदळ. बराच काळ राजस्थानात गेला. गावाकडं कुणी ‘टँकवर होता का?’ विचारलं की मी हो म्हणून मोकळा व्हायचो, फरक समजावेपर्यंत चहा गार होतो. पण तुम्ही विचारलंच आहे, तर सांगतो.

वाळवंट मोकळं नसतं. माण-खटावचा माळ रस्त्यावरून सपाट दिसतो, पण आत चालत गेलं की अख्खा मेंढरांचा कळप गडप होईल अशा घळी लागतात. तिकडंही तसंच. आणि रणगाड्याची झाकणं लावली की आतल्या माणसाला बाहेरचं जग काचेच्या फटींतून दिसतं. लांबचं झकास दिसतं, पण बुडाशी काय चाललंय ते कळत नाही. तोफेचं तोंडही फार खाली झुकत नाही. शंभर पावलांवर खड्ड्यात रॉकेट लाँचर घेऊन बसलेला गडी त्याला दिसतो तो बहुतेक वेळा रॉकेट सुटल्यावर.

याची सगळ्यात महाग शिकवणी इस्रायलनं घेतली. १९६७ ला रणगाड्यांच्या जोरावर इजिप्तचं सिनाई वाळवंट जिंकलं, तेव्हापासून त्यांना वाटायला लागलं की रणगाडा एकटाच पुरे. ८ ऑक्टोबर १९७३ ला सुएझ कालव्याच्या बाजूला त्यांनी प्रतिहल्ला केला तेव्हा सोबत पायदळ आणि तोफखाना अगदीच तुटपुंजा होता. समोर इजिप्तचं पायदळ वाळूत खड्डे खणून बसलेलं, हातात आरपीजी, म्हणजे खांद्यावरून सोडायची रॉकेटं, आणि सॅगर ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं. सॅगर तारेवरून चालवावं लागतं, त्याचा पल्ला तीन किलोमीटर. ते लक्ष्यावर पोचेपर्यंत चालवणाऱ्याला वीस-पंचवीस सेकंद नजर हलवता येत नाही. म्हणजे त्या वेळात कुणी त्याच्यावर मशीनगन किंवा मॉर्टर टाकला तर नेम गेलाच. पण टाकणार कोण? पायदळ मागं राहिलेलं. हल्ला फसला, रणगाड्यांची एक तुकडी तर जवळजवळ संपलीच आणि तिचा कमांडर इजिप्तच्या हाती लागला.

आता तुमचं आखाती युद्ध. व्हिडिओत बहुधा २६ फेब्रुवारी १९९१ ची ‘७३ ईस्टिंग’ची लढाई असणार. त्या ठिकाणाला नावच नव्हतं, म्हणून नकाशावरच्या उभ्या रेघेचा आकडा लढाईला चिकटला. धुळीचं वादळ चालू होतं. अमेरिकन एम-१ रणगाड्यांच्या थर्मल साइटला, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीला, त्यातूनही गरम इंजिनं दिसत होती, इराकी टी-७२ रणगाडेवाल्यांना मात्र समोरचं काही दिसेना. कॅप्टन मॅकमास्टर यांच्या तुकडीनं तेवीस मिनिटांत समोरची फळी मोडली. पण नीट बघा, त्यांच्या नऊ रणगाड्यांसोबत डझनभर ब्रॅडली, म्हणजे आमच्या बीएमपीसारख्या चिलखती गाड्या होत्या. बाजू सांभाळायला, पुढचा अंदाज घ्यायला. आणि खंदकांतून हात वर करून बाहेर येणारे इराकी? त्यांना ताब्यात घ्यायला, बंकर तपासायला गाडीतून उतरावंच लागतं. तोफेनं कैदी पकडता येत नाही.

आपल्याकडचं लोंगेवाला सगळ्यांना माहीत. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची २३ पंजाबची कंपनी, साधारण १२० जवान, आणि समोर चाळीसच्या वर पाकिस्तानी रणगाडे. सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि रणगाड्यांचा खुर्दा केला, हे बरोबर. मला मात्र रात्रीचं जास्त भावतं. ठाण्याभोवतीची काटेरी तार पाहून हल्लेखोरांना वाटलं पुढं सुरुंग आहेत. तपासण्यात वेळ गेला, काही रणगाडे मऊ वाळूत रुतले. जीपवरच्या रिकॉइललेस (हलक्या, रणगाडाविरोधी) तोफा घेऊन मूठभर पायदळ जागा सोडत नव्हतं. हंटरना अंधारात मारा करता येत नव्हता, त्यांना उजाडेपर्यंतचा वेळ या पोरांनी मिळवून दिला.

उरलं भाजण्याचं. ते शंभर टक्के खरं आहे. बीएमपीत मागं सात जण, पाठीला पाठ लावून, आणि मागच्या दारांच्या पोकळीत डिझेल. मे महिन्यात पत्र्याला उघडा हात लागला की फोड येतो. रायफलला तेल जास्त लावलं की वाळू चिकटते, म्हणून ती कोरडी ठेवायची. पाण्याच्या बाटलीवर ओला मोजा चढवून वाऱ्याला टांगली की पाणी गार होतं. मोजा कुणाचा, हे मात्र विचारायचं नसतं.