लोककलांचा माग काढायचाय? आधी एकच कला धरा

गिरणगावातल्या लोककलांवर काम सुरू करताय, हे वाचून फार आनंद झाला. पण लावणी, पोवाडा, भजन, कोळीगीत असं सगळं एकदम हाती घेऊ नका. बहुतेकजण तिथेच दमतात. जाखडी घ्या. मधे ढोलकीवाला आणि गाणारे बसलेले, भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारे नाचे. रत्नागिरीकडून गिरणीकामगारांबरोबर ती लालबाग-परळला आली. म्हणून आधी एवढंच विचारा:

- गाव कोणतं?
- कोणाकडून शिकलात?
- गणपतीला अजून गावी जाता का?

दुसरी चूक म्हणजे 'अस्सल' शोधत बसणं. मिरवणुकीतला बेंजो जवळून बघा. टाइपरायटरसारखी बटणं दाबत तारा छेडायच्या. त्याचं मूळ जपानमधल्या नागोयात १९१२ साली तयार झालेलं ताइशोगोतो. तरी आज त्याच्याशिवाय मुंबईची मिरवणूक सुनी वाटते, आणि तुमच्या अभ्यासाचा खरा विषय हाच आहे.

रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या. गाणं संपलं म्हणून लगेच फोन बंद करू नका, कामाचं बरंच काही नंतरच्या गप्पांत निघतं. सिद्धान्तांची पुस्तकं सध्या राहू द्या. गौरी-गणपतीत एक जाखडी पूर्ण बघा, मग पुढचं सांगतो.