पाळीच्या दुखण्यावर गोळी घेणे वाईट आहे का?

पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसवत नाही, पण गोळीची सवय लागते आणि पुढे मूल होण्यात अडचण येते असे खोलीतल्या मुली सांगतात, तेव्हा काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मीही याच भागात कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन राहून परीक्षेची तयारी केली आहे आणि हे दोन्ही समज तिथे ऐकले आहेत. दोन्ही चुकीचे आहेत.

पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात आणि त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आवळले जातात. अनेकींना त्याच वेळी मळमळ किंवा जुलाब होतात तेही बहुधा त्यांच्यामुळेच. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे ही द्रव्ये तयार होण्यालाच आळा घालतात, त्यामुळे दुपारपर्यंत दात-ओठ खाऊन सोसायचे आणि अगदीच असह्य झाल्यावर गोळी घ्यायची, या पद्धतीत तिचा निम्मा उपयोग वाया जातो. ओटीपोट जड वाटू लागताच किंवा डाग दिसताच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ती घ्यावी. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असल्यास मात्र आधी विचारावे. मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित ताप आणि पुरळ येऊन गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते, असा इशारा २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने दिला होता. तसे काही दिसल्यास गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

शेकाचाही चांगला उपयोग होतो. कॉट बेसिसच्या खोलीत गॅस नसतो, तेव्हा मेसच्या मावशींकडे पिशवीत भरण्यापुरते गरम पाणी मागावे. मागताना संकोच वाटतो खरा, पण कारण त्यांना समजावून सांगावे लागत नाही. ओव्याचे पाणी आवडत असेल तर प्यावे, त्यावर विसंबू मात्र नये.

दुखणे दर महिन्याला वाढत असेल, पाळी नसतानाही होत असेल, शौचाच्या वेळी कळ येत असेल किंवा वेळेवर घेतलेल्या गोळीनेही दोन-तीन पाळ्यांत फरक पडला नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसल्यास पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार असतो आणि सोनोग्राफी नॉर्मल आली तरी तो नाहीच असे ठरत नाही. म्हणून ‘लग्न झाले की थांबेल’ असे सांगून कोणी परत पाठवले, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे.