गाडीची गाऱ्हाणी : थंड झाल्यावर ब्रेक परत आला!

प्रश्न : काका, लांबलचक उतार उतरत होतो. मध्येच पुढच्या ब्रेकचा लिव्हर थेट मुठीला टेकला. मागचा ब्रेक आणि गिअर यांच्यावर कशीबशी गाडी थांबवली. अर्ध्या तासाने पाहतो तर लिव्हर पहिल्यासारखा कडक! गॅरेजमध्ये पॅड बघितले, निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. "काही झालेलं नाही, बिनधास्त चालवा," असं म्हणाले. चालवू का?

नका चालवू. पॅड बघून ज्याने गाडी परत दिली, त्याने तुमचं म्हणणं नीट ऐकलंच नाही. पॅड तापून घसरायला लागले असते, तर लिव्हर कडकच राहिला असता आणि तरी गाडी थांबली नसती. तुमचा लिव्हर मुठीला टेकला आणि थंड झाल्यावर आपोआप परत आला. याचा अर्थ ब्रेक ऑइल उकळलं.

ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल. दमट हवेतल्या मिठासारखं ते पाणी ओढून घेतं, झाकण घट्ट असलं तरी रबरी होजमधून थोडं थोडं मुरतंच. डॉट ४ दर्जाचं नवं कोरं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ च्या आसपास येऊ शकतो. उतारावर ब्रेक दाबून धरला तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सहज तेवढा तापतो. मग पिस्टनमागे वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. तुमचा सगळा जोर त्या वाफेतच जिरला, पॅडपर्यंत पोचलाच नाही.

ऑइल वरून भरू नका, सगळं बदला. कुठलं घालायचं ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. डॉट ३ किंवा ४ लिहिलेल्या जागी डॉट ५ घालायचं नाही, ते सिलिकॉनचं असतं. (डॉट ५.१ वेगळं, ते सिलिकॉनचं नसतं, नावावर जाऊ नका.) जुनं ऑइल आणि त्यातली एअर काढताना कॅलिपरच्या निप्पलला पारदर्शक नळी लावायला सांगा आणि शेजारी उभे राहा. लिव्हर दाबायचा, निप्पल सैल करायचं, निप्पल बंद करायचं, मगच लिव्हर सोडायचा. आधी काळसर-तपकिरी ऑइल येईल, सोबत बुडबुडे दिसतील. नळीतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत थांबायचं नाही, आणि वरची टाकी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते. हे काम दर दोन वर्षांनी करायचं, गाडी उभी असली तरीही.

काम झाल्यावर लिव्हर जोरात दाबून तसाच धरा. हळूहळू आत जायला लागला आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरचं (ऑइलवर दाब देणाऱ्या भागाचं) सील गेलंय. पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. जड फिरत असेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना अडकल्यात, म्हणजे ब्रेक न दाबताही पॅड घासत राहणार आणि ऑइल तापणार. हे दुरुस्त केल्याशिवाय नवं ऑइलही फार दिवस टिकणार नाही.

आणि उतारावर क्लच धरून गाडी सोडायची नाही. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी उतरवा, ब्रेक दाबा आणि सोडा. लिव्हर पुन्हा मुठीला टेकलाच, तर भराभर पंप करा, थोडा तरी दाब येऊ शकतो. तुम्ही गिअर वापरलात, ते बरोबर केलंत.

प्रश्न : ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकायचं थांबतो आणि टेल लॅम्प मंदावतो. बल्ब झाले, फ्लॅशर झाला, आता बॅटरी बदला म्हणतात.

बॅटरीला हात लावू नका. मागच्या दिव्यांची अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) गेली आहे, असा माझा दाट संशय आहे. ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब जवळजवळ पावणेदोन अँपिअर ओढतो. त्या करंटला परत यायला धड वाट मिळाली नाही, तर तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. मग एक दिवा लागला की दुसरा विझतो.

एक मोकळी वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं टेल लॅम्पच्या होल्डरच्या पत्र्याला. ब्रेक दाबा. सगळं सुरळीत झालं, तर दोष सापडला. होल्डरपासून चासीपर्यंतची अर्थची वायर शोधा, हिरवा गंज पॉलिश पेपरने घासून काढा, बोल्ट आवळा. एवढ्यावर भागलं नाही तर होल्डरमधला दोन फिलामेंटचा बल्ब उलटा कोंबलाय का, तेही पाहा. त्याच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात, तरी लोक कोंबतात.

प्रश्न : नवी बॅटरी घालूनही पुन्हा सेल्फ लागेना.

मल्टिमीटर लावल्याशिवाय पुढचा खर्च करू नका. रात्रभर उभ्या गाडीला साधारण १२.६ व्होल्ट हवेत. इंजिन चालू करून थोडं रेस केल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. तेराच्या खाली राहिलं तर आधी इंजिनातल्या चार्जिंगच्या कॉइलकडून रेक्टिफायरकडे (करंट बॅटरीला चालेलसा करणाऱ्या भागाकडे) जाणारा कपलर उघडून बघा, प्लास्टिक वितळलेलं सापडू शकतं. पंधराच्या वर गेलं तर रेक्टिफायर-रेग्युलेटर गेला, तो बॅटरी आणि बल्ब दोन्ही मारेल.

चार्जिंग ठीक असेल तर मागे जाऊन ब्रेक लाइट बघा. मागच्या ब्रेकचा स्विच ताणून बसवला असेल, तर पाय न लावताही दिवा पेटलेला राहतो आणि संथ ट्रॅफिकमध्ये बॅटरीला भरायला उसंत मिळत नाही. अशा गाडीच्या पेडलचा प्लेही (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) तपासा. तो नसेल तर ब्रेकही घासत असतो.

प्रश्न : १५ अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो. ३० चा टाकू?

मुळीच नाही. मग फ्यूज शाबूत राहील आणि वायरिंग जळेल. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून बघा. वळवतानाच उडत असेल, तर हँडलच्या मुळाशी वायरचं कव्हर घासून आतली तार चासीला लागतेय.

प्रश्न : चावी फिरवली की एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो. बिघाड आहे का?

नाही. गाडी जरा पुढे गेली की तो विझायला हवा. चालवतानाही पेटलेलाच राहिला तर चाकाजवळचा सेन्सर पुसा आणि बॅटरीचे व्होल्ट बघा. तोवर ब्रेक साध्या ब्रेकसारखे लागतील, पण जोरात दाबले तर चाक जाम होऊ शकतं.